मेनू भिंतीवर, खरेदी जोडपत्रात: सातपुड्याच्या पायथ्याच्या एका निवासी शाळेचं प्रकरण

जळगाव जिल्ह्याच्या चोपडा-यावल पट्ट्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मुलींची एक शासकीय निवासी शाळा आहे. पाचवी ते दहावी, सुमारे तीनशे मुली. बहुतेक पावरा, तडवी आणि भिल्ल घरांतल्या. शाळेचं आणि विभागाचं नाव देत नाही, कारण यातली बरीच माणसं अजून त्याच जागी नोकरी करताहेत. जेवण निकृष्ट असल्याची पालकांची तक्रार वरपर्यंत गेली आणि चौकशीसाठी एक छोटी समिती नेमली गेली: मुख्याध्यापिका, अधीक्षिका, पंचायत समितीचे एक विस्तार अधिकारी, दोन पालक आणि आहारतज्ज्ञ म्हणून मी.

अशा समितीने काय करायचं ते ठरलेलं असतं. स्वयंपाकघराला अचानक भेट, तांदळात किडे आहेत का, भांडी घासलेली आहेत का, एक फोटो, एक शेरा, चहा. आम्हीही ते केलं. किडे नव्हते. भांडी लख्ख होती. पाण्याची टाकी झाकलेली, ठेकेदाराचा अन्न परवाना चौकटीत लावलेला. भोजनगृहाच्या भिंतीवर आठवड्याचा मेनू रंगवला होता, आणि मुलींना विचारलं तर म्हणाल्या, हो, लिहिलंय तेच मिळतं. चव नोंदवहीवर रोजची सही होती. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलाने २३ मुलं दगावली, तेव्हापासून वाढण्याआधी मोठ्या माणसाने जेवण चाखून पाहण्यावर देशभर जोर आला, आणि ते योग्यच आहे. पण चाखून विषबाधा टळते. प्रथिनं किती आहेत ते जिभेला कळत नाही.

विस्तार अधिकाऱ्यांचा अहवाल मनातल्या मनात तयार झाला होता: तक्रारीत तथ्य आढळले नाही. मी पंगतीत बसून ताट पाहिलं आणि मला तक्रार पटली. भाताचा डोंगर, दोन चपात्या, बटाट्याचा रस्सा, वरण, लोणचं, पापड. आठवीतल्या मुलीचं पोट भरेल असं ताट. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त बटाट्यात चार वाटाणे. नियमाप्रमाणे चाललेली जागा आणि तरीही वाईट ताट, हा या प्रकरणाचा गाभा आहे. म्हणून ते लिहून ठेवतेय.

चाळणीवर काय उरलं

रश्शाची एक वाढणी मी पिठाच्या चाळणीत ओतायला सांगितली. वाढणाऱ्या मावशींना आधी ती थट्टा वाटली. पाणी आणि तर्री खाली गेली. वर उरल्या बटाट्याच्या चार फोडी, एक टोमॅटोची साल आणि कढीपत्ता. ठेक्यात ‘भाजी १०० ग्रॅम’ असं लिहिलेलं, चाळणीवर त्याच्या निम्मंही नव्हतं. मग वरण ओतलं. चाळणीवर जवळपास काहीच राहिलं नाही. घोटलेलं वरण गळून जाणारच, म्हणून त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण ज्या वेगाने ते गळलं तो पाहून पालकांपैकी एक जण हसायला लागले आणि विस्तार अधिकाऱ्यांनी वही परत उघडली.

आम्ही ठेक्याची कागदपत्रं मागवली. निविदा चांगली जाडजूड होती. बयाणा रक्कम, सुरक्षा ठेव, दंडाची कलमं, ठेकेदाराच्या माणसांचे पोलीस पडताळणी दाखले, वादाचं न्यायक्षेत्र, यांना पानंच्या पानं. मुली काय खाणार ते शेवटच्या जोडपत्रात, एका पानावर. त्यातल्या काही ओळी अशा: ‘भाजी १०० ग्रॅम’. कुठली, ते नाही. कच्ची की शिजलेली, तेही नाही. ‘चपाती/भाकरी’. ‘अंडे किंवा केळी, आठवड्यातून दोनदा’. ‘केळी १ नग’. ‘खाद्यतेल, मीठ व मसाले आवश्यकतेनुसार’.

ठेकेदाराने यातली एकही अट मोडलेली नव्हती. बटाटा ही भाजी आहे. चपाती आणि भाकरीत तिरकी रेघ असल्यावर माणूस सोपं ते निवडतो. अंडं महाग, केळं स्वस्त, म्हणून आठवड्यातून दोन्ही वेळा केळं. आणि नग मोजायचा असल्यावर बोटभर लांबीचं केळंही एकच नग.

यात हे जोडपत्र लिहिणाऱ्या लिपिकालाच दोष देऊन उपयोग नाही. पंतप्रधान पोषण शक्ती निर्माण योजनेचं, म्हणजे आपल्या जुन्या मध्यान्ह भोजनाचं कोष्टक घ्या. सहावी ते आठवीच्या मुलाला एका जेवणात ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं मिळावीत, त्यासाठी १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, ७.५ ग्रॅम तेल. पहिली ते पाचवीला ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. कोष्टक चांगलं आहे. पण ते उपाशी मुलाला डोळ्यांसमोर ठेवून केलेलं आहे, त्यामुळे त्यात ‘इतकं तरी हवं’ असतं, ‘याहून जास्त नको’ फारसं नसतं. मीठ-मसाल्याच्या रकान्यात तिथेही आवश्यकतेनुसार अशीच नोंद आहे. तीच ओळ उतरत उतरत तालुक्याच्या निविदेपर्यंत आली.

सरकार जे अन्न विकत घेतं आणि वाढतं त्याला पोषणाच्या अटी घालायच्या, ही कल्पना इतर ठिकाणी बरीच पुढे गेली आहे. न्यूयॉर्क शहराने २००८ मध्ये आपल्या सगळ्या खात्यांच्या जेवणाला एकच मानकं लावली, त्यात पावाच्या एका वाढणीत किती मिलिग्रॅम सोडियम चालेल इथवर आकडे आहेत. ब्राझीलने २००९ च्या कायद्याने शाळेच्या जेवणाच्या केंद्रीय निधीपैकी किमान ३० टक्के रक्कम छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च करणं बंधनकारक केलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सरकारी अन्नखरेदीसाठी आराखडाच काढला. त्यात शाळा, दवाखाने, तुरुंग, सरकारी कार्यालयांची उपाहारगृहं सगळी एका मापात येतात. आपल्याकडे २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांमध्ये साखर आणि तेलाचे फलक लावायला सांगितलं. फलक लावायला पैसे कमी लागतात. आमच्या समितीची एक बैठक अशाच एका फलकाखाली झाली आणि बैठकीला कचोरी होती. चांगली होती, मीही खाल्ली.

पुड्या मोजल्या

ठेकेदाराला ‘मीठ किती घालता’ विचारलं तर ‘चवीपुरतं’ असं उत्तर येणार, म्हणून अधीक्षिकांनी एक साधी युक्ती केली. मिठाच्या रिकाम्या पुड्या आणि तेलाचे रिकामे डबे टाकून न देता कोठीच्या कोपऱ्यात ठेवायला लावले. दिवसाला किलोच्या तीन पुड्या लागत होत्या. तीनशे मुली, तीन किलो: प्रत्येकीला दहा ग्रॅम. लोणचं-पापड वेगळे. मोठ्या माणसानेही दिवसाला पाच ग्रॅमच्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, मुलांनी त्याहून कमी. काही मीठ भाताच्या पाण्याबरोबर ओतलं जातं हे मान्य केलं तरी आकडा मोठाच.

मीठ इतकं का, याचं उत्तर स्वयंपाकी मावशींनीच दिलं. वरण पातळ असलं की मीठ-तिखट वाढवावं लागतं, नाहीतर मुली भात ढकलून देतात. म्हणजे डाळीची जागा मीठ भरून काढत होतं. मग प्रश्न मिठाचा राहिला नाही, डाळीचा झाला.

ठेकेदार गावातला माणूस. आधी किराणा दुकान होतं. त्याला आम्ही चोर समजून बोलावलं नव्हतं, तरी तो कागदांची पिशवी घेऊनच आला. “मॅडम, फेब्रुवारीचं बिल ऑगस्टात निघालं. जळगावचा डाळवाला मला सहा महिने थांबतो का? दीड टक्क्याने पैसे उचलतो मी.” पिशवीत बिलं होती, तारखांसकट. मी त्याच्या डाळखरेदीच्या पावत्या आणि कोषागारातून पैसे जमा झाल्याच्या तारखा एकाखाली एक लावल्या. बिल थकलं की पुढच्या महिन्यात तूरडाळीची खरेदी खाली. त्या जागी मसूर, मग थोडं बेसन, मग जास्त पाणी. पैसे आले की डाळ परत वर. कोठीतला सगळ्यात महाग माल डाळ, त्यामुळे कात्री आधी तिथे लागणार. सरकारी पैसा मार्चएंडला सुटतो. एप्रिलमध्ये वरण घट्ट होतं आणि महिनाभरात शाळेला सुट्टी लागते.

माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे आणि ती कोणत्याही आहार-मानकात लिहिलेली सापडत नाही. बिल किती दिवसांत निघेल यावर वरणाची घट्टाई ठरते. शिवाय उशिरा मिळणारे पैसे ज्याला परवडतात तोच निविदा भरतो. गावातल्या बचत गटाला ते जमणं शक्यच नाही. वर सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करायची म्हटल्यावर, जो बिलाचा उशीर गृहीत धरून प्रामाणिक दर भरेल तो बाहेर आणि जो ताटातून वसूल करायची तयारी ठेवेल तो आत. हे ठेकेदारालाही कळतं, कार्यालयालाही.

केळीच्या जिल्ह्यात बोटभर केळं

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या शाळेच्या कुंपणापलीकडे केळीची बाग आहे. तरी मुलींना मिळणारं केळं इतकं बारीक का, हा प्रश्न पालकांनी सगळ्यात रागाने विचारला, आणि त्याचं उत्तर वाटलं त्यापेक्षा गुंतागुंतीचं निघालं.

बागेतला घड कच्चा कापला जातो, फण्या करून धुऊन खोक्यांत भरला जातो आणि ट्रकने किंवा रेल्वेने उत्तरेला जातो. भाव बऱ्हाणपूर आणि रावेर-सावद्याच्या बोलीवर क्विंटलने ठरतो. तो माल आज कापला तर आज खाता येत नाही, पिकवण केंद्रात काही दिवस ठेवावा लागतो. शाळेला हवीत पिकलेली तीनशे केळी, आठवड्यातून दोनदा, डझनांत. हा किरकोळ गाडीवाल्याचा धंदा. त्याच्याकडे येतो तो मोठ्या व्यापाऱ्याने बाजूला काढलेला बारीक, डागाळलेला माल. बाग दाराशी असून उपयोग नव्हता.

दुसरा घोळ दराचा. निविदेत केळ्याचा दर वर्षभरासाठी एकच. केळीचा भाव वर्षात दुपटी-तिपटीने वरखाली होतो. कांदेबाग आणि मृगबाग या लागवडीच्या दोन हंगामांचा माल वेगवेगळ्या वेळी येतो, श्रावणात उपवासांमुळे आणि सणांमुळे मागणी चढते. भाव पडला की ठेकेदाराचा फायदा, चढला की मुलींचं केळं लहान. आम्ही सुचवलं की दर बाजार समितीच्या त्या आठवड्याच्या भावाला बांधावा आणि त्यावर पिकवणी-वाहतुकीचा ठरावीक खर्च द्यावा. नगाऐवजी वजन लिहावं: सालीसकट किमान १५० ग्रॅम, पिकलेलं. साल काढल्यावर त्यातून शंभरेक ग्रॅम गर पोटात जातो.

अंड्याची ओळ आम्ही केळ्यापासून तोडली. अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम प्रथिनं, केळ्यात जेमतेम ग्रॅमभर. एकाच्या बदल्यात दुसरं देणं हे हिशेबात बसतच नाही. राज्यात अंड्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल: नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळांत आठवड्याला एक अंडं, न खाणाऱ्यांना केळं किंवा फळ, जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा सरकारी पैसा बंद, हवं तर लोकसहभागातून करा. इथल्या पावरा, भिल्ल, तडवी घरांत अंड्याला कुणाचीच ना नाही. ज्या थोड्या मुली खात नाहीत त्यांना आम्ही २५ ग्रॅम शेंगदाणे आणि गूळ लिहिला, त्यात सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. निदान बदली तोलामोलाची.

भाकरीचं गणित

या मुली घरी ज्वारी-मक्याची भाकरी खातात. शाळेत आल्या की गहू आणि पांढरा तांदूळ. कारण उघड आहे: सरकारी वसतिगृहांना गहू-तांदूळ सवलतीच्या दराने मिळतो, ज्वारी बाजारभावाने घ्यावी लागते. ज्वारीत प्रथिनं शंभराला दहा ग्रॅमच्या आसपास आणि लोह चार मिलिग्रॅम. पॉलिश केलेल्या तांदळात लोह एक मिलिग्रॅमही नाही. तेरा ते पंधरा वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं, मुलग्याला २२. या वयातल्या मुलींच्या वसतिगृहात भाताचा डोंगर वाढणं म्हणूनच खटकतं.

भाकरी लिहिणं सोपं, करणं अवघड. ठेकेदाराकडे चपातीचं यंत्र होतं. ज्वारीच्या पिठाला चिकटपणा नाही. गरम पाण्यात एकेका भाकरीपुरतं मळायचं, हातावर थापायचं, पाणी फिरवायचं, तव्यावरून काढून विस्तवावर फुगवायचं. तीनशे मुलींना दोन-दोन म्हणजे सहाशे भाकरी. गावातल्या एका बचत गटाच्या बायकांना बोलावलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या आक्कांनी पहिला प्रश्न पिठाचा काढला. “पीठ जुनं व्हयनं का भाकर फाटस, माय. दयेल पीठ दोन-तीन दिनमा सरी जावाले जोयजे.” म्हणजे दळलेलं पीठ दोन-तीन दिवसांत संपायला हवं. ठेकेदार महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवणार होता. म्हणजे अट ज्वारीची नव्हे, दळणाच्या तारखेची लिहायला हवी होती. ती मला सुचली नसती.

आठ बायका, प्रत्येकीपुढे दोन तवे, तर संध्याकाळी दीड तासात सहाशे भाकरी निघतात. नगावर मजुरी. आठवड्यातून दोन रात्री. त्यातली एक रात्र कळण्याची: चार भाग ज्वारीला एक भाग उडीद, मीठ घालून एकत्र दळलेलं. खानदेशात ही भाकरी हौसेने खातात, पोषणाच्या दृष्टीनेही ती उत्तम, कारण धान्यात जे लायसिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी पडतं ते उडदातून येतं. पहिल्या रात्री लहान मुलींनी मागून मागून खाल्ली, ठेचा आणि कांद्याशी. दहावीतल्या काहींनी नाक मुरडलं. “घरीपण तेच, इथंपण तेच?” एकीने विचारलं. घर सोडून शिकायला आलेल्या पोरीला बदल म्हणून पांढरी चपाती हवीशी वाटते, आणि त्या इच्छेला आहारशास्त्राने उत्तर देता येत नाही. आम्ही त्या रात्री चपातीही ठेवली. महिनाभराने चपात्या उरायला लागल्या, पण पूर्ण बंद कधी झाल्या नाहीत.

शेवभाजीवरून मात्र समितीतच भांडण झालं. दर शुक्रवारी शेवभाजी असायची, वर बोटभर तर्री, आणि मुली आठवडाभर शुक्रवारची वाट पाहायच्या. विस्तार अधिकाऱ्यांचं म्हणणं, मानकं लावायची तर तळलेली शेव, मीठ आणि तेल एका वाडग्यात चालणार नाही, बंद करा. अधीक्षिका म्हणाल्या, खानदेशात राहून शेवभाजी बंद केली तर मुली आधी मला बंद करतील. त्यांचं बरोबर होतं. आठवड्याऐवजी पंधरवड्याला, बरोबर काकडी-कांदा, आणि त्या दिवशी पापड-लोणचं नाही, यावर मिटलं. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा वापरण्यावर अट घातली. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने तळणीच्या तेलातली ध्रुवीय संयुगं (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल वापरता येत नाही. ते मोजायचं यंत्र शाळेत कुठून येणार, म्हणून ‘तळलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला नाही’ इतकंच साधं लिहिलं.

काय लिहिलं, काय टिकलं

दर ठरवणं, विभागाचा मेनू बदलणं आमच्या हातात नव्हतं. हातात होतं ते जोडपत्र. एका पानाची तीन पानं झाली. भाजी कच्ची, निवडलेली मोजायची. बटाटा-कांदा त्यात धरायचा नाही. आठवड्यातून तीनदा पालेभाजी, आणि एकूण भाज्या हंगामाप्रमाणे कोणत्या ते नावानिशी: हिवाळ्यात मेथी, पालक, भरताची वांगी. उन्हाळ्यात गवार, भोपळा, चवळीच्या शेंगा. मीठ महिन्याला पंचेचाळीस किलोच्या वर कोठीतून द्यायचं नाही. दीड किलो गुणिले तीस दिवस, सरळ हिशेब. चहा जेवणाबरोबर नाही, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. वरणावर लिंबाची फोड. आणि डाळ: मुलींच्या भोजन समितीतल्या दोघी रोज सकाळी कोरडी डाळ काट्यावर तोलून आकडा भोजनगृहाच्या फळ्यावर लिहितील. तीनशे मुली, एका वेळेला प्रत्येकी ३० ग्रॅम, नऊ किलो.

शेवटचा उपाय सगळ्यात स्वस्त होता आणि सगळ्यात जास्त तोच चालला. आकडा आठ झाला की पंगतीत कुजबुज, सात झाला की मुख्याध्यापिकांच्या दारात पोरी. ठेकेदारालाही त्याचा फायदा झाला: बिल थकल्यावर त्याने फळ्याचा फोटो काढून कार्यालयाला पाठवला, आता नऊ किलो आणू कशातून ते सांगा म्हणून. त्या वेळी बिल महिन्याभरात निघालं. पुढच्या वेळी नाही निघालं.

वर्षाच्या शेवटी मिठाच्या पुड्या दिवसाला दोनच्या आत आल्या होत्या. पालेभाजी आठवड्यातून दोनदा तरी नक्की, तिसऱ्या वेळी भोपळा. भाकरी चालली, पण सलग नाही. ऑक्टोबरमध्ये कापसाची वेचणी सुरू झाली आणि बचत गटाच्या बायका पहाटे शेतात, संध्याकाळी दमलेल्या. वेचणीला किलोमागे मिळणारी मजुरी भाकरीच्या नगापेक्षा बरी, तर त्या का याव्यात? दिवाळीची सुट्टी धरून जानेवारीपर्यंत भाकरी जवळजवळ बंद होती. पुढच्या वर्षी त्या महिन्यांसाठी ज्वारीच्या कण्यांची खिचडी आणि घाटा लिहिलाय, ते मोठ्या पातेल्यात होतं.

हिमोग्लोबिनचे आकडे मला अनेकांनी विचारले. ते मी या बदलांच्या खात्यावर जमा करत नाही. त्याच वर्षी दर आठवड्याच्या निळ्या लोहगोळ्या नियमित झाल्या, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या जंतनाशक गोळ्याही झाल्या. शिवाय सातपुड्यातल्या काही मुलींमध्ये सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे, आणि त्यांचं हिमोग्लोबिन भाकरीने वाढत नसतं. त्यांची यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे वेगळी ठेवली आहे.

नव्या वर्षाची निविदा निघाली तेव्हा जोडपत्र तीन पानांचंच राहिलं, ही मला अनपेक्षित गोष्ट. केळ्याचं वजन राहिलं. मिठाची मर्यादा राहिली, दळणाची तारीख राहिली, अंडं केळ्यापासून सुटं राहिलं. बाजारभावाला बांधलेला दर लेखा शाखेने काढून टाकला. वर्षभर एकच दर हवा, नाहीतर लेखापरीक्षणात आक्षेप निघतो असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांना आलेले जुने आक्षेप पाहिल्यावर ते अगदीच चुकीचं वाटत नाही. ठेकेदाराचं बिल तीस दिवसांत देण्याची अटही जोडपत्रात आली आहे, पुढे ‘निधीच्या उपलब्धतेनुसार’ अशी पुस्ती जोडून.